उपाशीपोटीचे नमुने

उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी पीएच.डी. केली, तिथल्या संशोधन केंद्रात फ्रिज एकच होता आणि संशोधक तीन. केंद्र म्हणजे ग्रंथालयामागची एक लांबोडकी खोली. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत. आम्ही बसायला लागलो तेव्हाही कोपऱ्यात एक तुटका कॅरमबोर्ड उभा होता, आणि तो शेवटपर्यंत कुणी हलवला नाही. दारावरची पाटी मात्र झोकात होती. त्या पाटीखाली उभी राहून काढलेला माझा फोटो आईनं फ्रेम करून घेतला होता.

फ्रिजचा वरचा कप्पा माझा, तिथं रक्ताच्या नळ्या. मधला कप्पा नदीवाल्याचा. तो रसायनशास्त्राचा. शहरातून वाहणाऱ्या नदीत कारखान्यांचं काय काय उतरतं ते मोजायला दर आठवड्याला दहा-बारा बाटल्या भरून आणायचा, कधी निळसर, कधी विटकरी. अंबरनाथचा पोरगा, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा. खालच्या भाजीच्या कप्प्यात साईंचा डबा असे. साईं आमच्यात सगळ्यांत मोठे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर इतिहासात पीएच.डी.ला बसलेले सिंधी गृहस्थ. फाळणीनंतर इथल्या बॅरेकींमध्ये येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ते मोबाइलवर रेकॉर्ड करत. अख्खं कॉलेज त्यांना साईं म्हणायचं, म्हणून आम्हीही.

"वर खून, मध्ये जहर, आणि खाली माझी साई भाजी," पालक-डाळीचा तो सिंधी डबा काढताना ते रोज म्हणत. रोज. तिसऱ्या वर्षीही मला हसू यायचं.

एकमेकांच्या विषयातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, तरी दुपारी जेवताना सगळं एकमेकांना सांगायचो. नदीवाला पाण्यातल्या धातूंची नावं घ्यायचा तेव्हा साईं मान डोलवत. साईं बॅरेकीतली एखादी गोष्ट सांगत तेव्हा नदीवाला विचारायचा, "लेकिन सर, यात सिद्ध काय झालं?" आणि मी दोघांशी फ्रिजवरून भांडायची. मी मूळचीच तापट. बाटलीतलं एक थेंब पाणी माझ्या नळ्यांच्या स्टँडवर पडलं तरी मी तासभर खोली डोक्यावर घ्यायची. आता मी बदलापूरच्या एका कॉलेजात शिकवते, स्वतंत्र टेबल आहे, कपाट आहे, भांडायला कुणी नाही. त्या खोलीची फार आठवण येते. हे कबूल करायला लाज वाटायचं काही कारण नाही.

माझा विषय पोषणाचा. रात्रीच्या भाताऐवजी तीन महिने नाचणीची भाकरी खाल्ली तर बायकांच्या रक्तातली साखर उतरते का, एवढाच प्रश्न. सुरुवातीला उपाशीपोटी रक्त घ्यायचं, तीन महिन्यांनी पुन्हा उपाशीपोटी घ्यायचं, आणि ताळा करायचा. पीएच.डी.आधी मी एका लॅबमध्ये नोकरी केली होती, त्यामुळे रक्त मीच काढायची. माझा हात हलका, असं लोक म्हणत. माझ्या गाईड मॅडम कडक होत्या आणि निवृत्तीला आलेल्या होत्या. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांनीच अंबरनाथचा बुवापाडा सुचवला. तिथल्या बायका कुणी कारखान्यात पॅकिंगला, कुणी शाळेत मदतनीस, कुणी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. कुणी सकाळी सातला, कुणी नऊला घराबाहेर पडणारी, म्हणजे मला सहापासून त्यांच्या दारात हजर व्हावं लागे.

इथं मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. आम्ही बदलापूर गावातले, बौद्ध. आई लहान असताना लस टोचायला एक बाई यायची. ती ओट्यावर बसायची. आजी आतून चहा घेऊन यायची आणि बाई हसून म्हणायची, "आत्ताच घेऊन आले." हीच बाई पलीकडच्या आळीत दोन-दोन कप प्यायची. आई दाराआड उभी राहून ते बघायची. टोचलेलं विसरले, पण तो परत आत नेलेला कप विसरले नाही, असं ती अजून म्हणते. त्यामुळे आमच्या घरी कोण आलं, त्यानं पाणी घेतलं का, चहा घेतला का, अर्धा ठेवला की पूर्ण संपवला, याची नोंद आईच्या डोक्यात पक्की असे. पाहणी कशी करायची ते मी कॉलेजात नाही, तिथं शिकले. आणि एक गोष्ट माझ्या हाडात भिनली होती, की कुणाच्या घरी पुढं आलेल्या चहाला मी कधीही, काहीही झालं तरी, नाही म्हणायचं नाही.

बुवापाड्यातल्या पहिल्या घरात दोन तसबिरी दिसल्या, आमच्या घरी आहेत त्याच. खाली उदबत्ती. घरातल्या काकू साठीच्या, आवाज दणदणीत, माझ्या गळ्यातलं कॉलेजचं कार्ड बघून जरा सावध.

"काही खाल्लं-प्यायलं नाही ना काकू?" मी विचारलं.

"नाही, तुम्ही कालच बोललात ना मॅडम."

फॉर्मवर सगळ्यात वरती चौकोन होता, 'उपाशी'. मी त्यात खूण केली. तोवर स्टोव्हवर पातेलं चढलं होतं. काकूंनी कपबशी पुढं केली आणि हात तसाच धरून ठेवला. मी घेते की नाही ते त्या बघत होत्या. मला ते बघणं ओळखीचं होतं. मी कप घेतला, बशीत ओतला आणि त्यांच्यादेखत फुरका मारला. काकूंचा चेहरा एकदम सैल झाला. 'तुम्ही' आणि 'मॅडम' गेलं आणि "गाव कुठलं गं तुझं?" आलं.

मग फॉर्म. तो फॉर्म मॅडमनी आणि मी मिळून केला होता आणि पहिल्या फेरीचा तो आठ पानी होता. घरात माणसं किती, काम काय, सासूला साखर होती का, माहेरी कुणाला होती. सासूचा विषय निघाला की बायका अर्धा तास थांबत नाहीत. हे सगळं लिहून घेणं जमेना म्हणून साईंच्या सल्ल्यावरून मी मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवून रेकॉर्ड करायची. फॉर्म संपला की शेवटच्या पानावर रक्त. सुई बघितल्यावर बायका गप्प होतात, बोलणं आधी उरकून घे, हा मॅडमचा सल्ला, आणि तो चुकीचा नव्हता.

पहिली फेरी अशी झाली. एका सकाळी तीन-चार घरं, तीन-चार चहा. साखर सढळ हातानं घातलेली, कारण पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर गल्लीत नाव जातं. दुपारी संशोधन केंद्रात माझ्या पोटात आग पेटायची आणि साईं डब्यातलं ताक माझ्यापुढं सरकवायचे.

पुढचे तीन महिने मी दर आठवड्याला नाचणीचं पीठ घेऊन बुवापाड्यात जायची. ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे, असं मी लग्न आणि मुलगी धरूनही म्हणू शकते. मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून दिले. एका घरच्या नळाच्या भांडणात विनाकारण तोंड घातलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. काकूंपुढं बसून नाचणीची भाकरी थापायला शिकले. माझी पहिली भाकरी बघून त्या म्हणाल्या होत्या, "हिला डॉक्टर कोण करणार? हिला तर नवरा पण ठेवणार नाही." पण बायकांनी भाकरी मनापासून खाल्ली. मी अवचित रात्रीच्या जेवणाच्या वेळेला टपकले तरी ताटात नाचणीच दिसायची.

दुसऱ्या फेरीला सगळं झटपट झालं. फॉर्म एकच पानाचा होता. मी दारात चप्पल काढते न काढते तोच काकूंनी पदर सारून हात पुढं केला होता.

"आज चहा नाही का?" मी गमतीनं विचारलं.

"तू काय पाहुणी आहेस का आता? काढ रक्त आणि पळ, मला साडेसातला पोचायचंय."

सगळ्या घरी थोडंफार असंच. मला केवढा आनंद झाला होता त्या वाक्याचा.

लॅबचे आकडे आले आणि मी खुर्चीतच बसून राहिले. साखर उतरली होती. थोडीथोडकी नाही, चांगली उतरली होती, आणि जवळजवळ सगळ्यांची. मॅडमनी तो तक्ता दोनदा बघितला, चष्मा काढला आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला "अगं" म्हणाल्या. "अगं, हे छापायला हवं." नदीवाल्यानं वडापाव आणले. "तेरा तो हो गया यार," तो म्हणाला, जरा खिन्नपणे, कारण त्याच्या नदीचे आकडे दोन आठवडे एकसारखे येत नव्हते. मी बुवापाड्यात घरोघरी जाऊन सांगितलं की तुमची साखर उतरली. घरी आईनं विहाराच्या मंडळात सांगितलं. सत्कार कधी ठेवायचा, बॅनरवर फोटो कोणता, यावर चर्चा सुरू झाली. बाजारात तुरी तशातली गत. अजून प्रबंध सादर करण्याआधीची समितीपुढची मुलाखत बाकी होती, पण आमच्या आळीतली पोरं मला डॉक्टरताई म्हणायला लागली होती. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढं शिकलेलं माणूस नव्हतं. डिग्री माझी एकटीची नव्हती, आणि त्याचं मला ओझं नाही, सुखच वाटत होतं.

मुलाखतीला आठ-दहा दिवस राहिले होते. प्रबंधात बायकांच्या तोंडची दोन-चार वाक्यं घालावीत म्हणून मी केंद्रात बसून पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग ऐकत होते. काकू सासूबद्दल बोलत होत्या. पलीकडे साईं डबा खात होते. खाता खाता थांबले.

"बेटा, जरा मागे घे."

मी घेतलं. काकूंचा आवाज, माझा "हं, हं", बाहेर कुणाची तरी बादली.

"दोन बश्या वाजतायत," साईं म्हणाले.

"म्हणजे?"

"एक फुरका तुझा. तू बोलायचं थांबलीस तेव्हा. दुसरा तिचा, ती थांबली तेव्हा. ऐक." त्यांनी बोट वर करून दाखवलं. ऐकू आलं. बशी खाली ठेवल्याचा आवाज, मग काकूंचा सुस्कारा, मग पुन्हा सासू. "मग हे उपाशीपोटी कसं झालं?"

आमच्याकडे पाहुण्याला एकट्याला चहा देत नाहीत. घरच्या बाईनं सोबत घोटभर तरी घ्यायचा असतो, नाही तर पाहुण्याला उपकार केल्यासारखं वाटतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ते रोज डोळ्यांनी बघत होते. वरच्या चौकोनात खूण करायची तेव्हा काकू खरंच उपाशी होत्या. शेवटच्या पानावर सुई टोचायची तेव्हा त्यांच्या पोटात गोड चहा जाऊन अर्धा-पाऊण तास झालेला असायचा. पहिल्या फेरीला मी पाहुणी होते. दुसऱ्या फेरीला नव्हते. तेवढाच फरक माझ्या तक्त्यात उतरला होता.

हे सगळं मला त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच मी साईंवर उखडले. नको ते बोलले. तुम्ही तुमच्या बॅरेकी बघा म्हणाले. तुमच्या विषयात काही सिद्ध करावं लागत नाही म्हणून तुम्हाला बश्या ऐकायला वेळ आहे, असंही म्हणाले. नदीवाला बाटल्या लावायचा थांबला. साईंनी डबा बंद केला, पुसला, पिशवीत ठेवला आणि निघून गेले.

रविवारी दिवसभर मी घरी माळ्यावर बसून सगळी रेकॉर्डिंग ऐकली. आई खालून जेवायला हाका मारत होती. पहिल्या पाच घरांपर्यंत मला आशा होती. नंतर मी बायकांचं बोलणं ऐकायचंच सोडून दिलं, फक्त बश्या ऐकत बसले. पाच-सहा घरं सोडली तर सगळीकडे दोन होत्या.

सोमवारी काकूंकडे गेले. त्यांना सरळ विचारलं की पहिल्या दिवशी रक्त द्यायच्या आधी तुम्ही चहा घेतला होता का.

"घेतला की. मग काय तुला एकटीला प्यायला लावू?"

"पण मी सांगितलं होतं, काही घ्यायचं नाही."

"तू यायच्या आधी काही घेतलं नव्हतं. आणि हे बघ, तू चहा घेतलास म्हणून आम्ही तुझी नाचणी खाल्ली. तुझ्या आधी एक बाई आली होती लोहाच्या गोळ्या घेऊन. दारात उभी राहून नाक मुरडत बोलली. तिच्या गोळ्या गेल्या गटारात."

मी फडताळाकडे बघत होते. तिथं सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी पडली होती, जवळजवळ पूर्ण. ही कधीची, विचारलं. काकू खुशीत म्हणाल्या, "गेल्या महिन्याची. आता कशाला लागतात? उतरली ना साखर, तूच बोललीस."

बॅनर, सत्कार, डिग्री, या सगळ्याचा मी रविवारभर विचार केला होता. हा विचार केलाच नव्हता. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं की गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करायच्या, साखर उतरलेली नाही, निदान उतरली असं म्हणता येत नाही.

"म्हणजे तुझं चुकलं?"

"हो."

"मग जाऊन सांग की तसं, जिथं सांगायचं तिथं." त्यांनी पट्टीतून एक गोळी काढून माझ्यासमोरच पाण्याबरोबर घेतली. "रडतेस कशाला? मी काय मेले का?"

त्या दिवशी मी गल्लीतल्या सगळ्या घरी जाऊन तेच सांगितलं. कुणी हसलं, कुणी चिडलं. एकीनं "मग आमचं रक्त उगाच काढलंस?" असं विचारलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा प्रबंध पुढं ओढून शेवटची पानं चाळली. मग म्हणाल्या, "अभ्यासाच्या मर्यादा असं एक पान असतंच. त्यात एक ओळ टाकू. काही नमुन्यांच्या बाबतीत उपाशीपणाची खात्री देता येत नाही. सगळेच टाकतात." मॅडम वाईट नव्हत्या. त्या थकल्या होत्या, आणि मला डिग्री मिळावी असं त्यांना माझ्याइतकंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही ती ओळ हवीशी वाटली. ती मी लिहिलीसुद्धा. छान बसत होती पानात.

संध्याकाळी केंद्रात साईं एकटेच होते. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही कळलं नाही, कारण ते एकदम त्यांच्या विषयावर गेले.

"मी ज्यांना विचारतो ते सगळे सांगतात, सिंधमध्ये आमची हवेली होती. सगळ्यांची कशी असेल, बेटा? मी लिहून घेतो. पण मागे त्यांची बायको भांडी घासत असते ना, ती मध्येच हसते. ते पण लिहून घेतो." त्यांनी चष्मा पुसला. "ते काढून टाकलं तर माझा प्रबंध जास्त चांगला दिसेल. पण मग तो माझा राहणार नाही."

समितीत बाहेरून आलेले एक प्राध्यापक होते. तक्ता पडद्यावर आला तेव्हा ते खूश होऊन पुढं झुकले. मी तक्ता तिथंच ठेवला आणि सांगितलं की हे आकडे वापरता येणार नाहीत, आणि का ते. ते प्राध्यापक म्हणाले, "लॅबमध्ये काम केलेलं आहे तुम्ही. रक्त घेण्याआधी चहा नको, एवढं तुम्हाला म्हणता आलं नाही?"

"नाही आलं."

"का?"

चार वर्षांत मी कॉलेजात जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आजीचा ओटा, लसवाली बाई, परत आत गेलेला कप. तीन-चार वाक्यांत संपलं. माझा आवाज चढला होता, कारण मला रडू आलं की मी चिडते. त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. निर्णय असा झाला की नव्या ठिकाणी, नव्या बायकांवर, पहिल्यापासून सगळं पुन्हा करायचं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, "मला विचारून बोलायला हवं होतंस." बरोबर होतं त्यांचं. पण निवृत्तीनंतरही त्या गाईड म्हणून राहिल्या आणि दर पंधरा दिवसांनी ठाण्याहून येत राहिल्या. आईला सत्कार पुढं गेल्याचं सांगितलं. कारणही सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबवून म्हणाली, "चहा घेतलास ते बरं केलंस," आणि पुन्हा मळायला लागली.

त्यानंतर केंद्र रिकामं होत गेलं. नदीवाल्याला गुजरातेत नोकरी लागली. त्याचा प्रबंध झाला, नदी आहे तशीच आहे. साईंनी प्रबंध सादर केला आणि सहा महिन्यांत गेले. पदवीचं पत्र त्यांच्या मुलानं घेतलं. त्यांच्या मोबाइलमधल्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. आता त्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात.

मी नवं काम चामटोली गावात केलं. या वेळी मी इतका धसका घेतला होता की फॉर्मवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत छापून घेतलं, 'आधी रक्त'. पहिल्याच घरी एक साधारण माझ्याच वयाची बाई होती. नवरा कंपनीत, ही भातशेती बघणारी. चुलीवर पातेलं ठेवलेलं. मी दारातूनच म्हटलं, "चहा नको. आधी रक्त, उपाशीपोटी लागतं."

"बरा," ती म्हणाली आणि तिनं पातेलं उतरवलं.

रक्त दिलं, फॉर्म भरला. पातेलं पुन्हा चढलं नाही, आणि मीही मागितलं नाही, कारण पुढची घरं होती. वाडीत अशा बातम्या आपल्याआधी पोचतात. नंतरच्या घरांत चुलीवर काही नव्हतंच. तीन महिने मी पीठ पोचवत राहिले. बायका पिशवी घेत, बरं म्हणत, आत ठेवत. कुणी बस म्हटलं नाही. माझे नमुने एकदम चोख होते.

तीन महिन्यांनी दुसरी फेरी झाली. आलेल्या आकड्यांत साखर जिथल्या तिथं. शेवटी राहिलं होतं ते त्याच पहिल्या बाईचं घर. रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी लावली, आणि फॉर्मवरचा प्रश्न वाचला, जो सगळ्यांना विचारला होता आणि ज्याला सगळ्यांनी हो म्हटलं होतं: ठरल्याप्रमाणे रोज रात्री नाचणीची भाकरी खाल्ली का?

ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुमाला काय लिवायचा हाय ता सांगा बाय. मी तसा सांगतंय."

थट्टा नव्हती त्यात. मी इतक्या लांबून येते, माझं काम अडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. पाहुण्याला द्यावं तसं ती मला उत्तर देत होती. सगळ्याच जणींनी तसंच दिलं होतं.

मी फॉर्म पालथा ठेवला आणि म्हटलं, "चहा टाका. दोघींना."

"रगत काडून झाला ना?"

"झालं."

तिनं चूल पेटवली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, बश्या मध्ये ठेवून. तिनं एक फुरका मारला, मी मारला. घरचं विचारलं तिनं, कोण कोण असतं, आई कुठं असते. दुसरा फुरका घेतल्यावर, बाहेर बघत, ती म्हणाली, "येक दिस पन नाय खाल्ली."

मी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. मग वाडीतल्या सगळ्या घरी पहिल्यापासून गेले, चहा घेतला, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. चहाआधी आलेली उत्तरं आणि चहानंतर आलेली, हाच मग माझा प्रबंध झाला. नाचणीनं साखर उतरते का, ते मला आजही ठाऊक नाही. मला डिग्री मिळाली ती त्या बाईच्या वाक्यावर.